गुन्हेगार सापडला, पुढे काय?



आज प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार. पुढच्या रविवारी हाती झावळ्या घेऊन आपण पवित्र सप्ताहात प्रवेश करू. आजच्या शुभवर्तमानात (योहान 8:1-11) शास्त्री आणि परुशी एका स्त्रीला व्यभिचाराच्या आरोपावरून प्रभूपुढे आणून उभे करतात. उद्या, सोमवारी, मिस्साबलिदानातील पहिले वाचन दानिएलच्या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायातले आहे. ती सुसान्नाची कथा. एका दिवसाच्या अंतराने येणारी ही दोन वाचने आज आपण एकत्र पाहू.

मुलांच्या परीक्षा संपल्या की सुट्टी सुरू होईल आणि घरोघरी रहस्यकथा बाहेर निघतील. कुणाच्या हाती फास्टर फेणे असेल, तर कुणाच्या हाती शेरलॉक होम्स. चोरी, खून, फसवणूक यांच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात का, अशी शंका काही पालकांच्या मनात येते. त्यांनी उद्या अवश्य मिस्साला यावे. पवित्र शास्त्रातली एक उत्तम रहस्यकथा ख्रिस्तसभा स्वतःच वेदीजवळ उभी राहून वाचून दाखवणार आहे.

सुसान्ना ही बाबेलमध्ये राहणाऱ्या योआकीमची पत्नी. न्यायाधीश म्हणून नेमलेल्या दोन वडीलधाऱ्यांची तिच्यावर वाईट नजर गेली. तिने नकार दिला, तेव्हा त्यांनीच तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आरोप ठेवला. साक्ष देणारे मोठे, वयस्कर आणि प्रतिष्ठित. लोकांचा लगेच विश्वास बसला आणि तिला मृत्युदंड सुनावला गेला. तेव्हा परमेश्वराने दानिएल नावाच्या एका तरुण मुलाला जागृत केले. त्याने त्या दोघांना वेगवेगळे उभे केले आणि दोघांना एकच प्रश्न विचारला : तुम्ही यांना कोणत्या झाडाखाली पाहिले? एकाने एका झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने दुसऱ्याच. खोटेपणा उघड झाला, निष्पाप स्त्री वाचली.

मुलांनो, दानिएलने काय केले ते नीट लक्षात घ्या. जमाव ओरडत होता म्हणून तो गप्प बसला नाही आणि मोठी माणसे सांगतात म्हणून त्याने ते खरे मानले नाही. देवाने दिलेली बुद्धी त्याने वापरली. पुढच्याच, 14 व्या अध्यायात हाच दानिएल देवळाच्या जमिनीवर राख पसरवतो. बेल या मूर्तीपुढे ठेवलेला नैवेद्य रात्री कोण खातो, ते सकाळी राखेत उमटलेली पावले सांगतात. 70 पुजारी आणि त्यांची बायकामुले चोरदाराने आत येत होती! श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हे पवित्र शास्त्र आपल्याला असे शिकवते.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू. इथे झाडाचा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण इथला आरोप खरा आहे. प्रभू येशू त्या स्त्रीला निर्दोष ठरवत नाही. मात्र जो स्वतः पापरहित आहे त्याने पहिला दगड टाकावा, असे तो म्हणतो, आणि वयाने मोठे असलेल्यांपासून सुरुवात होऊन सगळे निघून जातात. मग प्रभू तिला दंड देत नाही, पण पुन्हा पाप न करण्याची आज्ञा देऊन तिला पाठवतो. सुसान्नाला सत्याने वाचवले. या स्त्रीला दयेने वाचवले. आपल्याला दोन्ही हवीत.

ही दोन्ही एकाच माणसात एकत्र आली तर तो कसा दिसेल? इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी तो कथांमधून रंगवला. त्याचे नाव फादर ब्राऊन. बुटका, गोल चेहऱ्याचा, हातात भली मोठी छत्री सांभाळत चालणारा साधा धर्मगुरू. त्याच्या कथांचे पहिले पुस्तक 1911 साली आले, पाचवे 1935 साली. यॉर्कशायरमधील फादर जॉन ओ'कॉनर या खऱ्याखुऱ्या धर्मगुरूंवरून चेस्टरटन यांना हे पात्र सुचले. लोकांची पापे ऐकणाऱ्या या सौम्य माणसाला जगातले दुष्टपण आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे, हे पाहून ते थक्क झाले होते. पुढे 1922 साली याच फादर ओ'कॉनर यांनी चेस्टरटन यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकारले.

पहिल्या कथेत फ्लॅम्बो नावाचा अट्टल चोर धर्मगुरूचा वेश घेऊन फादर ब्राऊन यांच्याजवळचा मौल्यवान क्रूस पळवू पाहतो. बोलता बोलता तो माणसाच्या विवेकबुद्धीलाच नावे ठेवतो. खरा धर्मगुरू असे बोलणार नाही, हे फादर ब्राऊन ओळखतात. क्रूस तर त्यांनी आधीच सुरक्षित जागी पाठवलेला असतो. दुसऱ्या एका कथेत नाताळच्या काळात फ्लॅम्बो हिरे चोरतो. रात्री बागेतल्या झाडावर तो लपलेला असताना फादर ब्राऊन खाली उभे राहून त्याच्याशी बोलतात. वाईट वाट उतरणीचीच असते आणि त्याच्या चोरीचा आळ एका निरपराध तरुणावर येईल, हे ते त्याला समजावतात. थोड्या वेळाने झाडावरून हिरे खाली पडतात. फ्लॅम्बो चोरी सोडतो आणि पुढे फादर ब्राऊन यांचा जिवलग मित्र होतो.

इतर पुष्कळ रहस्यकथा चोर सापडला की संपतात. फादर ब्राऊनना चोर सापडतो आणि तिथूनच त्यांचे खरे काम सुरू होते.

हे त्यांना जमते कसे? 1927 साली आलेल्या पुस्तकात ते आपले गुपित सांगतात. प्रत्येक गुन्हा आपण स्वतः केला असता तर कोणत्या मनाने केला असता, हे ते स्वतःच्या आत शिरून पाहतात. हे पाप माझ्याही हातून घडू शकले असते, हे त्यांना माहीत असते. म्हणून ते गुन्हेगाराला ओळखतात आणि म्हणूनच त्याच्यावर दगड उचलत नाहीत.

बंधुभगिनींनो, हा विषय पुस्तकापुरता नाही. घरातल्या कपाटातून पैसे नाहीसे होतात. पहिला संशय कुणावर जातो? बहुधा कामाला येणाऱ्या बाईवर, किंवा शिकायला आपल्याकडे राहिलेल्या गरीब भाच्यावर. तिथे दानिएल व्हा. पुराव्याशिवाय कुणाचे नाव घेऊ नका, कारण गेलेली अब्रू पैशांसारखी कपाटात परत ठेवता येत नाही.

आणि पैसे आपल्याच मुलाने घेतलेले निघाले तर? काही घरांत ते झाकले जाते. मुलगा शिकतो की आपल्याला सर्व माफ आहे. काही घरांत ते वर्षानुवर्षे, लग्नात आणि बारशात, पाहुण्यांसमोर उगाळले जाते. मुलगा शिकतो की आपल्याला परतीची वाट नाही. अशी किती मुले याच कारणाने घरापासून आणि देवळापासून दूर गेली असतील! तिसरी वाट शुभवर्तमानाची. त्याला एकांतात बसवा. खरे काय ते त्याच्याच तोंडून येऊ द्या. घेतलेले परत करायला, ज्याच्यावर आळ आला त्याची क्षमा मागायला लावा. त्यानंतर तो विषय कायमचा बंद करा आणि त्याच्यावर पुन्हा विश्वास टाका.

तरुण मित्रांनो, फादर काय म्हणतील या भीतीने तुमच्यापैकी काहीजण पापनिवेदनाला येत नाहीत. तुम्ही सांगाल ते ऐकून धर्मगुरूला धक्का बसत नाही. तोही पापी माणूसच आहे आणि तोही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो. तुमचे गुपित त्याच्याबरोबर कबरेत जाईल. ईस्टरपूर्वी या. झाडावर लपून बसलेल्या फ्लॅम्बोप्रमाणे हातातले खाली टाका आणि मोकळे व्हा.

एदेन बागेत आदाम झाडांआड लपला तेव्हा तो कुठे आहे हे परमेश्वराला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्याने हाक मारली, कारण त्याला आदाम हवा होता. तीच हाक या आठवड्यात प्रत्येकाच्या कानी पडो, आणि आपल्या हातातले दगड गळून पडोत.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.