शंखातला वाटेकरी

मे महिन्यात धुळ्याजवळ पांझरेच्या पात्रात उतरलं की वाळलेल्या गाळाच्या खपल्या पायाखाली करकरतात. आटत आलेल्या एखाद्या डबक्याच्या कडेला बोटं रुतवली, तर ओल्या गाळातून गोगलगाई निघतात. काहींच्या शंखाला तोंडाशी कडक झाकण असतं. ते लावून घेऊन त्या महिनोन्महिने पडून राहतात. लिम्नियासारख्या पातळ शंखाच्या जातींना तेही नसतं. त्या अंग आत ओढतात, गाळातली ओल धरून राहतात आणि पावसाची वाट पाहतात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, त्या दिवसांत हा इवलासा जीव केवळ काटकसरीवर तगतो.

पण कधीकधी शंखात तो एकटा नसतो. गुरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात पर्णकृमी नावाचे, पानासारखे चपटे कृमी राहतात. आपल्याकडच्या मैदानी भागातली त्यांची जात 7 सेंटीमीटरपर्यंत वाढते. त्यांची अंडी शेणातून पाण्यात येतात, त्यातून निघालेला डिंभ, म्हणजे कृमीची अळी, लिम्नियात शिरतो आणि आत एकाचे शेकडो होतात. अशी लागण झालेली गोगलगाय पाण्याच्या पेल्यात घालून उजेडात ठेवली, तर कृमीची पिल्लं, म्हणजे शेपटीचे पांढुरके ठिपके, पाण्यात वळवळू लागतात. थोड्या वेळानं ते शेपटी टाकून काचेला घट्ट चिकटतात. नदीकाठी काचेच्या जागी गवत असतं, आणि ते गवत जनावर खातं.

या सगळ्याचा खर्च गोगलगाय भरते. कृमीची प्रजा तिच्या पचनग्रंथीत वाढते. जिथे तिची वाईट दिवसांची शिदोरी साठलेली असते, नेमकी तिथेच. तिचं अंडी घालणं कमी होतं किंवा थांबतं. तरी ती लगेच मरत नाही. उलट काही जातींत लागण झालेल्या गोगलगाईचा शंख निरोगी गोगलगाईपेक्षा मोठा भरतो. नदी वाहती असेपर्यंत वरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही.

कळतं ते उन्हाळ्यात. पाणी तापतं तसा गोगलगाईचा स्वतःचा खर्च वाढतो, आणि एका मर्यादेपर्यंत कृमीचं पिल्लं बाहेर सोडणंही वाढतं. जिनं हात आखडता घ्यायचा, तिच्याच घरातला वाटेकरी हात पसरतो. म्हणून ऊन, कोरड आणि उपासमार यांत लागण झालेल्या गोगलगाई बहुधा आधी मरतात. सगळ्याच जोड्यांत असं होत नाही. काही कृमी यजमानाला उलट तगवूनही धरतात. ब्राझीलमध्ये दुसऱ्या एका कृमीच्या बाबतीत असं दिसलं, की पिल्लं सोडू लागलेला कृमी पोटात असलेली गोगलगाय कोरड्या गाळात टिकत नाही. पण लागण नुकतीच झाली असेल तर कृमीची वाढ थांबते आणि पाणी आल्यावर पुन्हा सुरू होते. जो थांबू शकला, तो यजमानासकट वाचला.

मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. आपण संकटं वेगवेगळ्या वह्यांत मांडतो: ऊन हवामानाच्या, पाणी पाटबंधाऱ्याच्या, रोग दवाखान्याच्या. जीव मात्र त्यांची बेरीज सोसतो. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही बेरीज ठाऊक होती. गाळात मेलेल्या गोगलगाईला उन्हानं मारलं की कृमीनं, हा प्रश्नच अपुरा आहे. कृमीनं शिदोरी संपवली होती म्हणून ऊन मारू शकलं.

गुरांचंही तेच. टंचाईत हिरवं उरतं ते डबक्याच्या काठी, आणि लिम्नियाही तिथेच गोळा झालेली असते. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या असोत की यावल-रावेरकडची गाय, भुकेलेलं जनावर तिथेच तोंड घालतं. मग जबड्याखाली पाण्याची सूज दिसते, जनावर खंगतं, आणि आपण चाऱ्याला दोष देतो. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर शेण तपासून घ्यावं. जंतांचं प्रत्येक औषध पर्णकृमीवर चालतंच असं नाही, तेव्हा ते पशुवैद्याला विचारूनच द्यावं. डबक्याऐवजी हाळावर पाणी पाजता आलं तर फारच बरं. दुष्काळाची तयारी म्हणजे फक्त टँकर आणि छावणी नव्हे. पाणी असतानाच पोटातला वाटेकरी शोधणं हीसुद्धा तयारीच आहे.

याच पांझरेवर शेकडो वर्षं फड ही सिंचनाची पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालचं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या हातून सगळ्यांना पाणी. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं. साधारणपणे प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तूट सगळ्यांच्या वाट्याला येई. वाटेकरी इथेही होतेच. फरक एवढाच, की नदी आटली की त्यांचा वाटाही आटत असे. आज बरेच फड मोडकळीला आले आहेत आणि ज्याच्या विहिरीला जोर तो उपसतो आहे. उन्हाळा आपल्या हाती नाही. उन्हाळ्यात आपला हात आखडायचा की पसरायचा, हे मात्र पांझरेकाठच्या माणसांनी एकदा ठरवून दाखवलं होतं.