पाप कोणाचे?



आजच्या शुभवर्तमानात (योहान 9) शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून प्रभूला विचारतात, हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? त्याच्या की आईबापांच्या? प्रभू सांगतो, कोणाच्याच नाही.

हाच प्रश्न आपल्या घरांतही विचारला जातो. मूल आजारी जन्मले की बोट बहुधा सुनेकडे वळते. तिच्या माहेरचेच काहीतरी असणार!

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळा रक्तगट शोधला. त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ वाटतो. पण अशा माणसाला ओ रक्तही चालत नाही, त्याच गटाचे लागते. आई आणि बाप दोघांकडूनही विशिष्ट जनुकाची सदोष प्रत आली, तरच हा गट होतो. आईबापांना त्याची खबरही नसते.

थॅलेसेमियाचेही तसेच. आईबाप दोघे वाहक, पण धडधाकट. तरी प्रत्येक खेपेस मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. वाटा दोघांचा सारखा, दोष कोणाचाच नाही.

1990 ते 2003 या काळात शास्त्रज्ञांनी माणसाच्या जनुकांची सुमारे 300 कोटी अक्षरे वाचली. कोणतीही दोन माणसे जवळपास 99.9 टक्के सारखीच निघाली. जानेवारी 2025 मध्ये सुमारे 10,000 भारतीयांची अशी माहिती संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून आपल्या लोकांचे आनुवंशिक आजार ओळखायला मदत होईल. बुद्धी देवाने दिली, तिचे हे फळ आहे. पण तेच ज्ञान कोणाला हिणवायला किंवा उदरातले बाळ नाकारायला वापरले, तर आपण डोळस असून आंधळे.

म्हणून विनंती आहे. लग्न ठरवण्यापूर्वी मुलगा-मुलगी दोघांनीही थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी. अहवाल गावभर करू नये. दोघेही वाहक निघाल्यास डॉक्टरांशी आणि आपल्या फादरांशी मोकळेपणाने बोलावे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तदान करावे.

प्रभूने त्या आंधळ्याची वंशावळ विचारली नाही. माती कालवली आणि त्याच्या डोळ्यांना लावली. मालवणहून ओरोसला आजारी लेकराला घेऊन खेपा घालणारी एखादी आई आज आपल्या शेजारच्या बाकावर बसली असेल. तिच्याकडे रोखलेले बोट खाली घेऊ या आणि तोच हात तिच्या खांद्यावर ठेवू या. आमेन.