रक्तातील सत्य कोणाचे?

१९८६ सालच्या जानेवारीत जपानमध्ये एका सामन्याच्या वेळी अमेरिकेची विख्यात व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन अचानक कोसळली आणि मरण पावली. वय अवघे ३१. तिला मार्फान नावाचा आनुवंशिक विकार होता आणि त्यामुळे हृदयातून निघणारी महाधमनी फाटली होती, हे शवचिकित्सेत उघड झाले. तिच्या असामान्य उंचीचे जगाने कौतुक केले. ती या विकाराची खूण असू शकते, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पुढे तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच विकार निघाला आणि त्याच्यावर वेळीच शस्त्रक्रिया करता आली.

बहिणीच्या मृत्यूने जे भावाला कळले, ते घरातील कोणी जिवंतपणीच जाणत असेल, तर ते सांगणे त्याचे कर्तव्य ठरते काय?

या विकारात शरीराला बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊती दुर्बल होतात. त्याला कारणीभूत असलेले जनुक १९९१ साली सापडले. आईवडिलांपैकी एकाला विकार असेल तर प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांच्या आईवडिलांत मात्र तो नसतोच. महाधमनीची रुंदी वेळोवेळी मोजता येते, औषधांनी तिच्यावरील ताण हलका करता येतो आणि ती फाटण्यापूर्वी शस्त्रक्रियाही करता येते. येथे ज्ञान जीवदान ठरू शकते.

तरीही घरे मौन पाळतात. मुलीचे लग्न व्हायचे असते, लोकांच्या जिभेचे भय असते. हे भय आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु जे आपल्याला पित्याकडून लाभले आणि भावंडांतही वाटले गेले असेल, ते केवळ आपले खाजगी कसे? भावाविषयी विचारणा होताच काइनाने परमेश्वराला उलट प्रश्न केला होता. आपले मौन त्याच प्रश्नाची पुनरुक्ती होऊ नये.

अर्थात, सांगणे वेगळे आणि लादणे वेगळे. तपासणी करून घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. जनुकीय समुपदेशकही कुटुंबाची वंशावळ मांडतो, शक्यता समजावतो. निर्णय घेत नाही.

अशा ज्ञानाचे चर्चला वावडे नाही. आनुवंशिकतेचे नियम मटारच्या रोपांवरून मांडणारे ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन संघाचे मठवासी होते. भय आहे ते ज्ञानाच्या वापराचे. गर्भातील बालकाच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी केलेली तपासणी ग्राह्य आहे. तिचा निष्कर्ष बालकाचा मृत्युलेख ठरणार असेल तर ती ग्राह्य नाही, अशी स्पष्ट रेषा 'दोनुम विते' या १९८७ च्या दस्तऐवजाने आखली आहे. जनुकातील उणीव ही माणसाच्या मोलातील उणीव नव्हे.

मात्र केवळ रुग्णाला कर्तव्याची जाणीव देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. सत्य सांगणाऱ्या घराकडे येणारी स्थळे थांबली, तर शेजारचे घर ते पाहील आणि गप्प बसेल. त्या घरात उद्या कोणी अकाली गेले, तर त्या मौनातील काही वाटा आपल्याही पदरी येईल.