बॉनेटवरचे जीव

एप्रिल संपत आला की फ्लोरिडाच्या महामार्गांवर काळ्या माश्यांचे थवेच्या थवे उतरतात. अंग काळे, डोक्यामागचा भाग तांबडा-केशरी, आणि नर-मादी एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेतच उडत असतात. म्हणून त्यांना तिथे लव्हबग म्हणतात. मूळ मध्य अमेरिकेकडचा हा जीव मेक्सिकोच्या आखाताच्या काठाकाठाने सरकत 1949 च्या सुमारास फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला पोचला. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तो बाहेर पडतो. तो चावत नाही, रोग पसरवत नाही. त्याच्या अळ्या कुजलेला पाला आणि गवत खाऊन जमिनीला परत देतात. प्रौढ माशी जेमतेम काही दिवस जगते, आणि त्या दिवसांतले बरेचसे रस्त्याच्या आसपास जातात, कारण उन्हात तापलेला रस्ता आणि गाड्यांचा धूर तिला ओढून घेतो.

मग शंभराच्या वेगाने येणारी गाडी, आणि तासाभरात बॉनेट, बंपर, काच सगळे काळ्या-पांढऱ्या चिकट्याने माखलेले.

हा चिकटा रंगाला का खातो, हे तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी तपासले आहे. चिरडलेल्या लव्हबगचा ताजा डाग जवळपास तटस्थ असतो, त्याचा सामू साडेसहाच्या आसपास. पण चोवीस तासांत तो सव्वाचारपर्यंत उतरतो, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी होतो. त्यात मादीच्या पोटातली अंडी असतात, शरीरातला द्रव असतो, कायटिनचे कठीण तुकडे असतात. ऊन लागले की बॉनेटचा पत्रा तापतो, वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित मऊ पडतो आणि डाग त्यात रुतून बसतो. म्हणून जाणकार सांगतात ते सोपे आहे. गाडी सावलीत आणा, पत्रा गार होऊ द्या. ओला फडका डागावर पाच-दहा मिनिटे नुसता पसरून ठेवा. डाग फुगून सैल झाला की भरपूर पाणी आणि गाडीचा सौम्य शाम्पू घेऊन मऊ मायक्रोफायबरने, जोर न लावता, उचलून घ्या. कोरडे घासायचे नाही, भांड्यांची घासणी तर लावायचीच नाही. पंखांचे आणि पायांचे कडक तुकडे रंगावर बारीक रेघा ओढतात. भांड्यांच्या साबणाने वॅक्सचा थरही निघून जातो. आधीच वॅक्स चढवलेले असेल तर निम्मे काम होऊन गेलेले असते.

हे सगळे वाचताना एक गोष्ट मनात टोचत राहते. फडक्याखाली जे सैल होत आहे ते सकाळपर्यंत उडत होते. ओल्या फडक्याची घडी उलगडली की त्यावर एखादा अख्खा पंख दिसतो, शिरांची जाळी स्पष्ट, काचेसारखा पातळ. रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून माणूस एवढा हळुवार होतो. मग ज्याच्यामुळे हा डाग पडला त्या जिवाचे काय? तो माणसाने मारला, की तो नुसताच मेला? आणि मारला असेल तर कुणाच्या खात्यावर?

हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकाग्रंथात, अगदी पहिलीच गोष्ट चक्खुपाल थेरांची आहे. ते दृष्टिहीन होते. पाऊस पडून गेल्यावर रात्री ते चंक्रमण करत, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान करत होते, आणि ओल्या जमिनीवर वर आलेले किडे त्यांच्या पायाखाली आले. सकाळी भेटायला आलेल्या भिक्खूंनी ते मेलेले किडे पाहिले आणि बुद्धांकडे तक्रार नेली. बुद्धांनी विचारले, तुम्ही त्यांना मारताना पाहिलेत का? नाही. तसेच त्यांनाही ते जीव दिसले नाहीत. ज्यांच्या मनात मारण्याची इच्छाच उरलेली नाही त्यांना दोष लागत नाही, असा निर्वाळा बुद्धांनी दिला. कर्म म्हणजे चेतना, मनातला हेतू. ही बौद्ध विचाराची पक्की बैठक आहे.

गाडीवाल्याला हा निर्वाळा फार सोयीचा वाटेल. पण त्याच बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायला सांगितले, आणि त्यामागे लोकांची तक्रार अशी होती की हे श्रमण भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात. हेतू नसला तरी चालण्याची रीत बदलावी लागली. चक्खुपालांना डोळे नव्हते. ज्याला डोळे आहेत आणि मे महिन्यात कुठल्या रस्त्यावर काय उडते हे पक्के ठाऊक आहे, त्याने त्यांच्या आडोशाला उभे राहू नये.

जैन परंपरेने हा धागा आणखी ताणला. सूत्रकृतांग या आगमग्रंथात आर्द्रककुमार याच मुद्द्यावर बौद्धांशी वाद घालतो: नुसता हेतू पाहून चालणार नाही. तरीही जैन विचार मेलेल्या जिवांची मोजदाद करून पाप ठरवतो, असा समज चुकीचा आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येला अट आहे प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात तर असे मांडतात की बेफिकीर वागणाऱ्याला जीव न मरताही हिंसा लागते, आणि जपून चालणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला तरी तेवढ्याने त्याला कर्माचा बंध होत नाही. ही मांडणी विलक्षण नेमकी आहे. ती माणसाला अपराधगंडात लोटत नाही आणि सोडूनही देत नाही.

जपून चालायचे म्हणजे कसे, तेही ठरलेले आहे. त्याला ईर्यासमिती म्हणतात: दिवसाउजेडी, वहिवाटीच्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चालायचे. कोल्हापूर-सांगलीकडे पहाटे उजाडता उजाडता महामार्गाच्या कडेने विहार करणारे दिगंबर मुनी अनेकांनी पाहिले असतील. हातात मोरपिसांची पिच्छी, नजर खाली. शेजारून मालमोटारी सुसाट जातात. चार हात म्हणजे पावणेदोन-दोन मीटर. ताशी 90 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 25 मीटर कापते, म्हणजे मुनींची ती सगळी नजर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात संपते. त्या वेगात ईर्यासमिती पाळता येतच नाही. चालकाची नियत कितीही चांगली असो. साधू वाहनात बसत नाहीत याचे हे एक सरळ कारण आहे. बदलत्या काळात त्यातूनही वाट काढली गेली. आचार्य सुशीलकुमार 1975 मध्ये विमानाने अमेरिकेला गेले तेव्हा समाजात मोठी खळबळ उडाली. तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी 1980 मध्ये समण श्रेणी सुरू केली. त्या साधकांना धर्मप्रचारासाठी वाहनाची मुभा दिली, पण पूर्ण मुनिदीक्षेचे नियम जागच्या जागी राहिले. सवलत घ्यायची तर ती सवलत आहे हे मान्य करून घ्यायची, हा त्यातला प्रामाणिकपणा मोलाचा आहे.

गृहस्थाचे काय? त्याला कामावर जायचे आहे, आजारी आईला दवाखान्यात न्यायचे आहे. इथे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातली पंचसूना ही कल्पना उपयोगी पडते. त्या ग्रंथातले पुष्कळ काही टाकून देण्याजोगे आहे, पण हा विचार टाकू नये. प्रत्येक घरात पाच कत्तलखाने असतात, असे तिथे मानले आहे: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजचे जगणेच बारीक जीव मारत असते. यावर उपाय म्हणून चूल विझवायला सांगितलेले नाही. पाच महायज्ञ सांगितले, आणि त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे इतर प्राणिमात्रांसाठी काढून ठेवलेला घास. कालपरवापर्यंत पुष्कळ मराठी घरांत वैश्वदेव आणि गोग्रास याच समजुतीतून होत असत. आजच्या घरातला सहावा कत्तलखाना दारात उभा असतो आणि त्याच्यासाठी मात्र कुठलाच घास काढलेला नसतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण सुरू झाले की ज्ञानदेव थांबत नाहीत. पाऊल कसे टाकावे इथपर्यंत ते येतात, आणि कमळातल्या केसराला जपत पाय ठेवणारा भुंगा दाखवतात. अहिंसा तिथे मनातला भाव म्हणून राहत नाही. ती चालण्यात, हातात, नजरेत उतरते. चाकावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती वेगात आणि वेळेत उतरायला हवी. लव्हबग बहुतेक करून सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, उन्हात उडतात. रात्री बसून राहतात. सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर निघालेली, बेताच्या वेगाने चाललेली गाडी त्यांच्यातले फार थोडे मारते. योगायोगाने रंगही वाचतो. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती पंखवाल्या वाळव्यांचा पूर येतो. तिथे हिशेब उलटा, रात्रीचा प्रवास टळला तर जीव वाचतात.

यात एक नवी काळजी शिरली आहे. डेन्मार्कमध्ये आंदर्स पापे म्योलर यांनी 1997 पासून 2017 पर्यंत दोन ठरावीक रस्त्यांवर गाडीच्या काचेवर मेलेले किडे मोजले. एका रस्त्यावर ते 80 टक्क्यांनी घटले, दुसऱ्यावर 97 टक्क्यांनी. जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन 27 वर्षांत तीन चतुर्थांशाहून अधिक कमी झाल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक चालकांना काच स्वच्छ राहते याचा आनंद होत असेल. पण ती चालकाच्या सावधपणामुळे स्वच्छ राहिलेली नाही. मारायला उरलेच कमी, आणि त्यामागे शेतातली विषे आहेत, मोडलेली माळराने आहेत. प्रमाद एका चालकाचा न राहता सगळ्या समाजाचा झाला की तो बॉनेटवर दिसेनासा होतो. ही गोष्ट डागापेक्षा जास्त भयंकर आहे.

जैन साधक ये-जा करून आले की इरियावहियं सूत्र म्हणतात. जाता-येता एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जे जीव दुखावले, चिरडले गेले असतील त्यांची त्यात क्षमा मागितलेली असते. ब्रिटनमध्ये केंट वाइल्डलाइफ ट्रस्टच्या पाहणीत भाग घेणारे चालक वेगळ्या कारणाने जवळपास तेच करतात. निघण्यापूर्वी नंबरप्लेट स्वच्छ पुसतात, आणि पोचल्यावर ठरलेल्या मापाची चौकट तिच्यावर धरून आतले डाग मोजतात. 2004 च्या मानाने 2021 मध्ये ते सुमारे 59 टक्क्यांनी कमी भरले. ही मोजणी महाराष्ट्रातही करता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची बादली भरण्याआधी नंबरप्लेटजवळ वाकून दोन मिनिटे मोजायचे, आकडा आणि तारीख वहीत लिहायची, आणि मग ओला फडका पसरायचा.