वाचत बसायचा पगार

ऑगस्ट २०२० मध्ये कुवेतच्या संसदेने प्रकाशनविषयक कायदा बदलला आणि बाहेरून येणारं प्रत्येक पुस्तक माहिती मंत्रालयाने आधी तपासायचं, ही पद्धत बंद झाली. आयात करणाऱ्याने शीर्षकं आणि लेखकांची यादी द्यायची. बंदी घालायची तर रीतसर तक्रार आणि न्यायालयाचा आदेश हवा. त्याआधीच्या काही वर्षांत चार हजारांवर पुस्तकं बंदीच्या यादीत गेली होती. त्यांत मार्क्वेझची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ होती, तसं डिस्नेच्या जलपरीचं पुस्तकही होतं. जलपरीचे कपडे म्हणे पुरेसे नव्हते.

मंत्रालयाचा तपासनीस उठला, पण त्याची खुर्ची रिकामी राहिली नाही. कुवेतच्या सालमिया किंवा अब्बासिया भागातल्या एखाद्या भारतीय शाळेत ती आपसूक ग्रंथपालबाईंच्या वाट्याला आली. आठवीतल्या मुलाची आई पुस्तकातलं एक पान उघडून मुख्याध्यापकांपुढे ठेवते, तेव्हा बाईंना बोलावणं जातं. पुस्तक वाचलेलं नसेल तर त्यांच्यापुढे एकच वाट उरते: पुस्तक निमूट कपाटात कुलूपबंद करणं. वाचलेलं असेल तर त्या सांगू शकतात, की ते पान गोष्टीत का आहे, पुढे काय होतं, आणि हे आठवीला द्यायचं की अकरावीला. ग्रंथपालाने मुलांची पुस्तकं वाचणं हे नोकरीतलं काम आहे असं मी म्हणतो ते यासाठी. शाळा मात्र त्याला बाईंचा छंद समजतात.

आपल्याकडचं ग्रंथालयशास्त्राचं शिक्षणही याला थोडं जबाबदार आहे. वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंदवही, साठा पडताळणी हे सगळं पक्कं शिकवलं जातं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची आपली पंचसूत्री मांडली ती वाचक आणि पुस्तकाची गाठ घालण्यासाठी. आपण पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गीकरणाचा क्रमांक तेवढा घट्ट धरला. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमातला ग्रंथपालांसाठीचा अभ्यासक्रम बालसाहित्य वाचायला आणि त्यावर बोलायला लावतो, म्हणून तो वेगळा वाटतो. वेगळा वाटावा, हेच खरं तर नवल.

वाचनाच्या जोडीला इतर ग्रंथपालांच्या ओळखीही लागतात. गणिताच्या शिक्षकाला त्याच शाळेत गणिताचे आणखी चार शिक्षक भेटतात. ग्रंथपालाला आपल्या धंद्यातलं कुणी भेटत नाही. त्यातून कुवेतमधल्या भारतीय शाळांत केरळची मुलं बरीच. मराठी बाईंना फास्टर फेणे तोंडपाठ असेल, माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं त्या डोळे मिटून सुचवतील; पण मल्याळी लेखक बशीर यांच्या गोष्टी कोणत्या वयाला द्याव्यात, कोणता इंग्रजी अनुवाद घ्यावा, हे दुसऱ्या शाळेतली मल्याळी मैत्रीणच सांगणार. तिला फेणेचा पत्ता या देणार. एकीने उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आणायची, दुसरीने कोळिकोडहून. विमानात सामानाला वजनाची मर्यादा असते, त्यामुळे निवड आधी बोलून ठरलेली बरी.

मात्र या देवाणघेवाणीत एक खोट आहे. कुणीच वाचत नसेल तर फिरतात त्या नुसत्या याद्या. मग प्रत्येक शाळेच्या फडताळात तेच ‘विम्पी किड’, तेच जेरोनिमो स्टिल्टन, आणि प्रदर्शनवाल्याने सवलतीत गळ्यात मारलेले तेच विश्वकोश. (‘विम्पी किड’शी माझं भांडण नाही. त्याच्यामुळे वाचायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत. पण ते कुठल्याही मॉलमध्ये मिळतं. त्यासाठी ग्रंथपाल कशाला?) दहा ग्रंथपालांची ओळख असलेल्या न वाचणाऱ्या बाईंपेक्षा, वर्षाला पन्नास पुस्तकं वाचणाऱ्या दोघीजणी महिन्यातून एकदा भेटल्या तर शाळेचा अधिक फायदा होईल.

व्यवस्थापनाची हरकत ठरलेली आहे: वाचत बसायचा पगार द्यायचा? पाठाची टाचणं काढणाऱ्या शिक्षकाला कुणी हे विचारत नाही. इथे मात्र एखादा शिक्षक रजेवर गेला, की त्याचा वर्ग ग्रंथालयात पाठवायचा आणि बाईंनी शांतता राखायची. हे बदली तास आठवड्यातून दोन जरी कमी केले, तरी त्या वेळेत एक किशोर कादंबरी वाचून होते. आणि दुसऱ्या शाळेत जायला महिन्याकाठी एक दुपार लागते. त्या दुपारची नोंद रजा म्हणून न करता कामाचा वेळ म्हणून करायला कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकांची सही पुरते.