माळ आणि मंडळी

गळ्यात तुळशीची माळ असूनही एखाद्याचे पाऊल गुत्त्याकडे वळते, तेव्हा आम्ही म्हणतो, "ह्याची निष्ठाच कच्ची!" असे बोलून आमच्याच फडातील एकास आम्ही दूर केले; तो पुन्हा दिंडीत आला नाही. हा न्याय झाला का? पंढरीची वाट आम्ही तरी एकटे कुठे चालतो?

सन १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी दारूने पोळलेले दोघे एकमेकांस आपली हकिगत सांगू लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. आपल्याकडेही तिच्या बैठका भरतात. फी नाही, पुरे नाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट, आणि निश्चय फक्त आजच्या दिवसाचा. मात्र फार दिवसांच्या पिणाऱ्याने एकाएकी तोडल्यास जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर गाठावा.

कोणी म्हणेल, नामाला दुसऱ्याची जोड कशाला? बाबांनो, आपला दोष चारचौघांत कबूल करणे हा अहंकाराचा त्यागच. तो सुटल्यावाचून नाम तरी कुठे रुजते? तेव्हा अशा माणसाला हाकलू नका. बैठकीचा पत्ता काढा, पहिल्या दिवशी त्याच्यासंगे दारापर्यंत चला, आणि परतल्यावर कीर्तनात त्याला आपल्या शेजारी बसवा. रामकृष्ण हरि!