शुक्र आणि शरीराची अमानत

रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, म्हणजे मन हलके होईल, झोप लागेल, असा सल्ला आता सर्वत्र मिळतो. त्यात तथ्य आहे. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे नोंदी लिहिल्या होत्या. कृतज्ञ वाटावे अशा गोष्टी लिहिणाऱ्यांच्या शारीरिक तक्रारी रोजचे त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा कमी आढळल्या. ते व्यायामालाही अधिक वेळ देत होते. ईमानधारकाला याचे नवल वाटू नये. सूरह इब्राहीममध्ये शुक्र करणाऱ्याला अधिक देण्याचे अभिवचन आहेच.

परंतु प्रकृती सुधारावी म्हणून केलेला शुक्र हा शुक्र असतो काय? वहीला समोर कोणी लागत नाही. आभार मात्र कोणाचे तरी असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पाय रात्रीच्या नमाजीत उभे राहून सुजत असत. हजरत आयशा (र.अ.) यांनी कारण विचारले, तेव्हा आपण कृतज्ञ दास होऊ नये काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. ज्या शुक्राने पायांना सूज येते, तो आरोग्याचा उपाय म्हणून केलेला नसतो. लाभ होतो, पण तो मागून येतो.

इमाम ग़ज़ाली (र.ह.) यांनी ‘इह्या’मध्ये शुक्राचे तीन घटक सांगितले आहेत: ज्ञान, मनाची अवस्था आणि कृती. आपल्या मराठीतील ‘कृतज्ञ’ या शब्दातही जाणणे आहेच. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. अरबीत ‘शकूर’ हा शब्द जनावरालाही लावत, थोड्या चाऱ्यावरही जे अंगाने भरते अशा. म्हणजे शुक्र अंगावर दिसावा लागतो. ग़ज़ालींच्या मते कृती म्हणजे नेमत ज्या हेतूने दिली गेली त्यासाठी ती वापरणे. डोळ्यांचा शुक्र केवळ जिभेने फिटत नाही. मग शरीराचा शुक्र कसा फिटेल? तंबाखूची पुडी खिशात ठेवून आणि साखरेची गोळी चुकवून दिवसभर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणत राहिल्याने तो फिटतो, असे मला वाटत नाही. आपण आरोग्यासाठी शुक्र करावा की नाही याची चर्चा करतो. आरोग्य राखणे हाच शुक्राचा एक भाग आहे, हे मात्र विसरतो.

आणखी एका गोष्टीची मला अधिक चिंता वाटते. बाळंतपणानंतर एखादी सून रात्र रात्र जागते, विनाकारण रडते. घरातली वडीलधारी म्हणतात, ‘घर आहे, लेकरू आहे, नवरा कमावता आहे, आणखी काय हवं? नाशुक्री करू नकोस!’ ती गप्प होते. बरी होत नाही.

हजरत याकूब (अ.स.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे झाले होते, असे पवित्र कुरआन सांगते. आपले दुःख त्यांनी अल्लाहपुढे मांडले. हजरत अय्यूब (अ.स.) यांनीही आपल्याला पीडा झाल्याचे सांगूनच पुकारले. त्यांना कोण कृतघ्न म्हणेल? स्वतः ग़ज़ाली १०९५ साली बग़दादमध्ये निज़ामिया मदरशाचे ख्यातनाम शिक्षक असताना त्यांची वाचाच बंद पडली; शिकवणे थांबले, घास उतरेना. हा विकार अंतःकरणातून शरीरात उतरला आहे, असे हकिमांनी सांगितले. शुक्रावरचा तो अध्याय अशा माणसाने त्यानंतरच्या वर्षांत लिहिला आहे.

तेव्हा त्या सुनेला प्रवचन देण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. उपचार करावेत काय, असे बदूंनी विचारले असता प्रेषितांनी (स.) होकार दिला होता आणि वार्धक्य वगळता प्रत्येक रोगावर इलाज ठेवला गेला आहे असे सांगितले होते. तिने वेळेवर घेतलेली गोळी हाही शुक्र आहे. आणि जो लोकांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही हदीस आपण मिंबरवरून वारंवार ऐकतो. मग त्या रडणाऱ्या सुनेने चाळीस दिवसांच्या आतच चुलीपाशी उभे राहून सर्वांना जेवू घातले, त्याबद्दल तिचे आभार घरात कोणी मानले होते काय, हेही विचारून पाहावे.